पितळी मुठीची सुरगाठ

"दार उघडत नाहीये," आतून कुलूपवाल्यांचा आवाज आला.

आई शिलाई मशीनवर लेकीच्या पँटची दुमड मारत होती. तिने पाय थांबवला नाही. "जरा जोर लावा."

"लावतोय."

"मग ढकला."

"हे दार आतल्या बाजूला उघडतं. लग्न झाल्यापासून आतल्याच बाजूला उघडतंय."

"मग ओढा ना."

"ओढतोच आहे. ओढलं की कुणीतरी बाहेरून परत ओढतंय."

आता मात्र आई उठली. गॅलरीत आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. शेवटच्या खोलीच्या पितळी मुठीपासून समोरच्या लोखंडी कठड्यापर्यंत एक जाडजूड सुती दोर ताणून बांधलेला होता. दार बोटभर किलकिलं झालं होतं. त्या फटीतून कुलूपवाल्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी बाहेर डोकावत होती.

आसपासच्या वस्तीत ज्याची किल्ली हरवे, ज्याची तिजोरी रुसे, ज्याचा दरवाजा वाऱ्याने लागून जाई, तो कुलूपवाल्यांना शोधत येत असे. आजवर एकही कुलूप त्यांच्या हातून सुटल्याशिवाय राहिलं नव्हतं, आणि हे ते कुणी न विचारता सांगत. असा माणूस स्वतःच्या घरात एका दोराने कोंडला गेला होता. तोही लेकीच्या निवडीच्या दिवशी.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून तिला कुणी एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. बारावी झाल्यावर वडिलांनी तिला हिशेबाचा कोर्स सुचवला. भिंगरीने घोडे सुचवले. शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचं आणि निगराणीचं शिक्षण देणारी एक पागा शहराबाहेर होती. राहूनच शिकायचं. आधी काही महिने नुसती लीद काढायची, मग अंगाला खरारा करायचा, मग घोडी गाभण असताना काय खायला द्यायचं आणि शिंगरू जन्मल्यावर काय काय बघायचं, असं करत करत माणूस तयार व्हायचा. पुढे कुणी शर्यतीच्या तबेल्यात जाई, कुणी नाल ठोकायला शिके, कुणी पैदाशीच्या फार्मवर राही. भिंगरीने सुट्ट्यांमध्ये तिथे झाडलोट करून सगळी चौकशी केली होती.

"म्हणजे मुलगी शिकून लीद काढणार," कुलूपवाले म्हणाले होते.

"सुरुवातीला," भिंगरी म्हणाली.

"आणि शेवटी?"

"शेवटी दुसऱ्यांना काढायला शिकवणार."

घरात राहणारा मामा मात्र या बेताने हरखून गेला होता. शर्यत म्हटलं की त्याला एकच गोष्ट सुचे. "कुठला घोडा येणार हे पण शिकवतात का गं?" असं तो रोज नव्या आशेने विचारी. "शिंगरू कसं जन्मतं ते शिकवतात मामा, पुढे येतं की मागे राहतं ते त्याचं ते बघतं," असं ती रोज सांगे.

पागेत निवड चाचणीला येताना तीन गोष्टी लागतील, असं पागेच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. मजबूत बूट, स्वतःचा दोर, आणि आई-वडील दोघंही. मागे एका मुलीचा बाप आठवड्याभरात येऊन रडत तिला परत घेऊन गेला होता. तेव्हापासून बाई बापाच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय कुणालाच घेत नसत. जेवणाच्या सुट्टीआधी पागेचं फाटक बंद होणार होतं. कुलूपवाल्यांनी रात्री जेवताना मान हलवली होती खरी, पण ती होकाराची की घासाची, हे कुणालाच नक्की कळलं नव्हतं.

दोर भिंगरीला झाडलोटीबद्दल पागेतूनच मिळाला होता. त्यावर ती गेले काही दिवस घोडा बांधायच्या गाठीचा सराव करत होती. ती एक सुरगाठ असते. घोड्याने ओढलं तर घट्ट होते, माणसाने मोकळं टोक ओढलं तर क्षणात सुटते. घोडा बिथरला तर त्याला झटकन सोडवता यायला हवं, म्हणून ही सोय. भिंगरीने ती नळाला बांधली, खुर्चीला बांधली, आईच्या मशीनला बांधली, आणि एकदा डोळे मिटून मामाच्या पायाला बांधली. मामाला त्यातली गंमत कळली आणि येता-जाता टोकं ओढून गाठी सोडायचा त्याला नादच लागला. शेवटी भिंगरीने पागेतली पुढची युक्ती वापरली. काही घोडे हुशार असतात, दातांनी टोक ओढून स्वतःला सोडवतात. अशांसाठी ते टोक गाठीच्याच फेऱ्यातून आत घालून टाकायचं. मग ते नुसतं ओढून काही होत नाही.

आज सकाळी शेवटचा सराव म्हणून तिने ती गाठ शेवटच्या खोलीच्या मुठीला बांधली, मामाच्या भीतीने टोक आत घातलं, आणि बुटाचा सुटलेला तळवा चिकटला का ते बघायला चांभाराकडे पळाली. बाबा खाली गाडी पुसत असतील असं तिने गृहीत धरलं होतं. बाबा आत चांगला शर्ट शोधत होते.

"सोपं आहे," मामा बाहेर येऊन म्हणाला. "टोक ओढायचं. मी शंभरदा सोडलीय."

त्याने टोक ओढलं. टोक आतल्या आत गेलं आणि गाठ आवळली. मामाला हा व्यक्तिशः अपमान वाटला. त्याने कठड्याला पाय लावून दोन्ही हातांनी ओढलं. त्याच वेळी कुलूपवाल्यांनी आतून ओढलं. मधल्यामध्ये गाठ इतकी लहान झाली की आईला ती नीट दिसेना.

"झाली सुरगाठीची निरगाठ," आई म्हणाली. "बाजूला हो तू."

"कठड्याकडून सोडू ना मग."

कठड्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. दोराच्या त्या टोकाला विणलेला कायमचा फास होता. तो कठड्याला घालून त्यातूनच अख्खा दोर ओवलेला होता. म्हणजे इकडची गाठ सुटल्याशिवाय तिकडचा फास निघत नव्हता. मामाने कठडाच कापायची सूचना केली. कठडा घरमालकाचा आहे, असं आईने सांगितल्यावर त्याने ती मागे घेतली आणि पाणी आणायला गेला.

"पाणी कशाला?"

"मऊ पडेल गाठ."

आईने नको म्हणेपर्यंत तांब्या रिकामा झाला होता. सुती दोर पाणी पिऊन फुगला आणि होती नव्हती ती फटही गाठीतून नाहीशी झाली. आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उतरून आल्या. जन्मभर पट्ट्या बांधल्या आणि सोडल्या असल्यामुळे त्यांचा आपल्या बोटांवर भरवसा होता. त्यांनी चष्मा लावून गाठ तपासली, दोनदा दाबली आणि सूज आली असल्याचं जाहीर केलं.

"उपाय?" आईने विचारलं.

"कापणे."

आई मशीनवरची मोठी कात्री घेऊन आली. तिने पात्यांमध्ये दोर धरला. हात काही मिटेना. स्वतःचा दोर आणायला सांगितलाय, आणि पोरीने तो सुट्ट्या झिजवून मिळवलाय. कापलेला दोर घेऊन ती कुठल्या तोंडाने उभी राहणार? आईने कात्री खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा तिला राग आला होता.

"अहो," ती फटीशी जाऊन म्हणाली, "या मुठीचे स्क्रू कुठल्या बाजूला आहेत?"

आतून पडेल आवाजात उत्तर आलं. "आतल्या."

मूठ कुलूपवाल्यांनी स्वतः बसवली होती. चोराला बाहेरून खोलता येऊ नये म्हणून सगळे स्क्रू आतून, हे ते पाहुण्यांना दार दाखवून सांगत.

"मग तुम्ही आतच आहात की. काढा."

"कशाने? पेचकस दुकानाच्या शर्टात राहिलाय. या चांगल्या शर्टाला खिसा नाही."

दुसरे लोक पेन बाळगतात तसा ते खिशात पेचकस बाळगत. आईने त्यांना कधी पेचकसाशिवाय पाहिलं नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि नवा तळवा लावलेले बूट गळ्यात अडकवून भिंगरी वर आली.

"आई, चल लवकर, बाबा गाडीत आहेत ना?" असं म्हणत ती चार पावलं आली आणि थांबली. दोर, पाणी, कात्री, नर्सबाई, मामा आणि फटीतला डोळा, हे तिने ओळीने पाहिलं.

"बाबा आत आहेत?"

"सकाळपासून," आतून कुलूपवाले म्हणाले आणि त्यांनी आपण आत असल्याचं दाखवायला दाराला एक हिसका दिला.

भिंगरी ओरडली नाही, रडली नाही, मामाकडे तर तिने पाहिलंही नाही. "सगळे मागे व्हा," ती हळूच म्हणाली. "मोठ्याने बोलू नका. मामा, हात हलवू नकोस." मग ती दाराजवळ गेली, पण एकदम समोर नाही, थोडी बाजूने, आणि फटीशी तोंड नेऊन घरात कधी न ऐकलेल्या हळू, सपाट आवाजात बोलू लागली. "बाबा, मी आहे. मी इथेच आहे. आता ओढू नका. एक पाऊल पुढे. हं. दोर सैल सोडा. शाब्बास."

"तुझ्या वडिलांशी बोलतेयस की घोड्याशी?" नर्सबाई पुटपुटल्या.

पण आश्चर्य म्हणजे कुलूपवाले ऐकत होते. दार पुढे सरकलं, दोराचा ताण गेला आणि भिंगरीने नखांनी गाठ कोरायला सुरुवात केली. एक नख तुटलं. तिने दुसरं लावलं. ओला दोर हळूहळू हलायला लागला. आत घातलेल्या टोकाचा एक तंतू दिसला, मग टोकाचं नाक दिसलं.

"येतंय," आई म्हणाली.

आतून हिसका बसला. टोक पुन्हा आत गेलं.

"पाय घसरला," कुलूपवाले म्हणाले.

भिंगरीने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा टोक दिसलं, पुन्हा हिसका बसला. या वेळी त्यांना खोकला आला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी काही कारणही दिलं नाही. भिंगरीचे हात थांबले. आता उशीर होणार हे तिला कळलं होतं. मामा उगाच इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता आणि खालच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या हॉर्नला आई दचकत होती.

"बाबा," भिंगरी त्याच हळू आवाजात म्हणाली, "घोडा माजाने ओढत नाही. घाबरला की ओढतो. पागेत पहिल्यांदा तेच शिकवतात."

"मग?"

"मग तुम्ही कशाला घाबरलात?"

फटीतला डोळा बाजूला झाला आणि नुसता आवाज आला. "तू गेलीस की घरात एका जागी बसणारीच माणसं उरतील," कुलूपवाले म्हणाले. "मी, तुझी आई आणि तुझा मामा. कसं व्हायचं?"

मामाला यात आपल्यावर टीका आहे का, ते कळेना. भिंगरीने दाराला कपाळ टेकवलं. तिलाही आता रडू येत होतं, पण हातात गाठ होती म्हणून तिने ते आवरलं. "मला पण तुमची आठवण येणार आहे," ती म्हणाली. "पण मला जायचंय, बाबा."

तेव्हा आई पुढे आली. तिने लेकीला हळूच बाजूला केलं, पदराने डोळे पुसले आणि फटीत तोंड घालून फक्त नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हा शर्ट मी शिवलाय. त्याला आतून खिसा आहे. पेचकसाच्या मापाचा."

आत कुणीतरी घसा साफ केला. मग स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज आला. एक, मग दुसरा. कुलूपवाल्यांचा हात बसलेला होता, त्यामुळे त्यांना चार स्क्रूंना मुळीच वेळ लागला नाही. पितळी मूठ दोरासकट बाहेर गॅलरीत पडली, दार उघडलं आणि चांगल्या शर्टातले कुलूपवाले पेचकस हातात घेऊन उभे राहिले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. नर्सबाईंनी मात्र त्यांच्या शर्टाला खिसा कुठे आहे ते चष्म्यातून नीट शोधून पाहिलं.

"गाडी काढतो," ते म्हणाले.

कठड्यावरचा फास सैल करून त्यातून मूठ कशीबशी बाहेर ओढली आणि सगळे निघाले. मामाही निघाला. त्याला नको म्हणायलाही कुणाला वेळ नव्हता. गाठ तशीच होती. वाटेत भिंगरीने खिडकीतून हात बाहेर काढून दोर वाऱ्यावर वाळत धरला. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं त्या लोंबणाऱ्या मुठीकडे बघत राहिली. कुलूपवाले अशी गाडी चालवत होते, की मागे बसलेल्या आईला तीनदा "सावकाश" म्हणावं लागलं. लेक घरातून जाऊ नये म्हणून सकाळभर धडपडलेला माणूस आता फाटक बंद होऊ नये म्हणून वळणांवर ब्रेक दाबत नव्हता.

पहारेकरी फाटक लोटतच होता. कुलूपवाल्यांनी गाडी अर्ध्या उघड्या फाटकातून आत घातली.

पागेच्या बाई उंच होत्या, त्यांचे केस आखूड होते आणि त्या फार कमी बोलत. बाकीच्या मुलामुलींचं आटोपलं होतं. एका अर्ध्या दारामागे एक तपकिरी घोडी उभी होती आणि सारखी पाय बदलत होती.

"हिला बाहेर काढायचं आणि त्या कडीला बांधायचं," बाई म्हणाल्या. "दोर?"

भिंगरीने दोर पुढे केला. बाईंनी टोकाला लटकणारी मूठ पाहिली.

"हे काय?"

"आमच्या दाराची मूठ."

"आणि गाठीचं टोक आत का घातलंय?"

"हुशार घोडा असेल तर घालतात ना. आमच्याकडे मामा आहे."

बाईंनी मामाकडे पाहिलं. मामाने ओळख असल्यासारखी मान लववली. "आधी ही गाठ सोड," बाई म्हणाल्या. "दुसरा दोर मिळणार नाही. स्वतःचा म्हणजे स्वतःचा."

भिंगरीने खाली बसून गाठीला हात घातला. दोर वाळला होता, पण नखं संपली होती. आई दूर उभी राहून पदराचं टोक पिळत होती. कुलूपवाल्यांना राहवेना. ते पेचकस काढून पुढे आले, मूठ एका हातात धरून उभे राहिले आणि गाठीत पेचकसाचं टोक खुपसायला लागले. त्या नादात ते अर्ध्या दाराच्या फार जवळ गेले. घोडीने मान बाहेर काढली, गाठीतून जरासं डोकावणारं टोक ओठांनी चाचपलं आणि दातांत धरून ओढलं.

"ए, दोर खाईल ती," कुलूपवाले म्हणाले आणि मूठ घट्ट धरून त्यांनी उलट ओढलं.

घोडीने कान मागे पाडले आणि तिनेही ओढलं. कुलूपवाल्यांनी दोन्ही पाय रोवले. बाई पुढे व्हायला निघाल्या, पण भिंगरी आधीच उठली होती. ती बाजूने गेली, एक हात घोडीच्या मानेवर ठेवला आणि दुसरा बाबांच्या मनगटावर.

"ओढू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "सैल सोडा. हं. शाब्बास."

ती हे कुणाला म्हणाली, ते मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. कुलूपवाल्यांनी घोडीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि हात सैल सोडला. घोडीनेही मान खाली केली. तिने दोर ओठांत इकडून तिकडे घोळवला, टोक फेऱ्यातून अलगद बाहेर काढलं आणि मग एकदाच ओढलं. सकाळपासून चार माणसांना दाद न दिलेली गाठ सुटली आणि मूठ कुलूपवाल्यांच्या हातात राहिली.

भिंगरीने दोर उचलला. घोडीला बाहेर काढलं, कडीजवळ नेलं, गाठ मारली आणि क्षणभर विचार करून टोक आत घातलं. मग मामाकडे एकदा बघून ते आणखी एकदा आत घातलं. बाईंनी गाठीला हातही लावला नाही.

"वडील कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," कुलूपवाले म्हणाले.

"मुलगी इथे राहील. चालेल तुम्हाला? नीट विचार करून सांगा. आठवड्याने रडत येऊ नका."

कुलूपवाल्यांनी हातातली मूठ दोनदा फिरवून बघितली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भिंगरी आयुष्यात पहिल्यांदाच एका जागी उभी होती.

"राहू दे," ते म्हणाले. आवाज थोडा फुटला, म्हणून त्यांनी ते परत एकदा नीट म्हटलं. "राहू दे तिला. चांगली शिकेल."

त्यांच्या मागे खट्ट आवाज झाला. शेजारच्या खणातल्या दुसऱ्या घोडीने ओठांनी आपल्या दाराची खिट्टी सरकवली होती आणि ती सावकाश बाहेर येत होती. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार तिला आत घालायला धावला.

"ही रोज उघडते," बाई म्हणाल्या. "सगळ्या प्रकारच्या खिट्ट्या लावून झाल्या."

कुलूपवाल्यांच्या चेहऱ्यावरचं रडू जागच्या जागी थांबलं. ते त्या दाराशी गेले, खिट्टी वर-खाली करून पाहिली, बोटांनी माप घेतलं आणि घोडीच्या ओठांकडे वाकून वाकून बघितलं. "ही चुकीच्या बाजूला बसवलीय," ते म्हणाले. "अशी खिट्टी तर मामासुद्धा उघडेल. मी येतो रविवारी. एका रविवारात व्हायचं नाही हे. किती दारं आहेत इथे?"

"चाळीस," बाई म्हणाल्या.

कुलूपवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मग ते आईजवळ आले आणि इकडे-तिकडे बघून कानात म्हणाले, "अगं, या शर्टाचा खिसा फार लहान शिवलायस. जरा मोठा करून दे."